‘यात आहे काय?’ हा प्रश्न रास्त आहे

भिंतीवर एक कृष्णधवल छायाचित्र आहे. वरच्या अर्ध्या भागात आकाश, खालच्या अर्ध्यात पाणी, मधोमध क्षितिजाची रेघ. होडी नाही, पक्षी नाही, किनारा नाही, माणूस नाही. शेजारी तसंच दुसरं, त्याच्या पलीकडे तिसरं. जपानी कलावंत हिरोशी सुगिमोतो १९८० पासून अशी समुद्रचित्रं टिपत आले आहेत आणि जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ती लागली आहेत. त्यांच्यापुढे उभा राहणारा माणूस टोकियोतला असो, लंडनचा असो की मुंबईचा, मनातल्या मनात किंवा उघडपणे तो एक प्रश्न विचारतोच: यात आहे काय?

कलाजगतात या प्रश्नाला फारशी किंमत नाही. विचारणारा अडाणी ठरतो आणि मंडळी पुढे सरकतात. त्याने फारच लावून धरलं तर त्याच्या हातावर चार जड शब्द ठेवले जातात: शांतता, शून्य, ध्यान आणि झेन, म्हणजे ध्यानावर भर देणारा जपानी बौद्ध पंथ. जपानी कलावंत म्हटल्यावर तर हे शब्द तयारच असतात. ही निव्वळ बोळवण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘यात आहे काय?’ हा प्रेक्षकाचा अत्यंत प्रामाणिक प्रश्न आहे. त्याला सरळ उत्तर असतं आणि ते देणं ही चित्र भिंतीवर लावणाऱ्या संस्थेची जबाबदारी आहे. संस्था लोकांच्या पैशावर चालत असेल तर दुप्पट. ध्यानाच्या भाषेने कलावंताचा मान वाढतो असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्याचे कष्ट, त्याची कारागिरी आणि त्याचं डोकं या भाषेखाली झाकलं जातं.

सुगिमोतोंचं उदाहरण मी मुद्दाम घेतो आहे. इतकं सरळ समजावून सांगता येईल असं काम क्वचित सापडतं, आणि तरी त्यांच्याइतकी झेनची झूल क्वचितच कुणाच्या अंगावर चढवली गेली असेल.

त्यांची चित्रपटगृहांची मालिका घ्या. १९७६च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या तरुण सुगिमोतोंच्या मनात आलं: अख्खा चित्रपट एकाच छायाचित्रात टिपला तर काय दिसेल? लखलखणारा पडदा दिसेल, असं त्यांच्या मनानेच उत्तर दिलं. पण मनाचं उत्तर तपासून पाहायला हवं. मग हा गृहस्थ पर्यटकासारखे कपडे करून, मोठा कॅमेरा घेऊन ईस्ट व्हिलेजमधल्या एका स्वस्त थिएटरात शिरला. चित्रपट सुरू झाला तसं त्यांनी शटर उघडलं, दोन तासांनी संपला तसं बंद केलं. त्याच रात्री फिल्म धुऊन पाहिली.

आता हिशेब करा. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं पडतात. दोन तासांच्या चित्रपटात ती होतात १,७२,८००. भांडणं, चुंबनं, पाठलाग, मृत्यू, सगळं एकाच फिल्मवर एकावर एक साठत गेलं आणि उरला एक पांढराशुभ्र आयत. पण खरी गंमत त्या आयताच्या बाहेर आहे. सभागृहात दुसरा दिवाच नव्हता. पडद्यावरून परतलेला उजेड दोन तास भिंतींवर, छतावर, खुर्च्यांच्या पाठींवर पडत राहिला आणि त्या उजेडात सगळं थिएटर तपशीलवार उमटलं. रेडिओ सिटी म्युझिक हॉल असो की ओहायोतलं कँटन पॅलेस, जुन्या अमेरिकी चित्रपटगृहांमधली नक्षी, खांब, पडद्याभोवतीची कमान, सज्जांचे कठडे. लोक जी गोष्ट पाहायला आले होते ती नाहीशी झाली आणि अंधारात ज्या सभागृहाकडे कुणाचं लक्ष नसतं ते समोर आलं. प्रेक्षक बसले असतील तर तेही हललेच असणार. त्यांचा मागमूस राहिला नाही. पुढे सुगिमोतोंना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आनंदी चित्रपट असला की पडदा जास्त उजळ येतो, दुःखी असला की काळवंडतो. उघड्या मैदानावरच्या ड्राइव्ह-इन थिएटरांत तर पडद्यामागच्या आकाशात तेवढ्या वेळात सरकलेल्या उजेडाच्या रेघाही फिल्मवर उतरल्या.

या छायाचित्रात काही नाही, असं आता कोण म्हणेल? त्यात एक संपूर्ण चित्रपट आहे, एक संपूर्ण इमारत आहे आणि एका संध्याकाळचे दोन तास आहेत. हे सांगायला तीनचार वाक्यं लागतात. ती वाचलेला माणूस पुन्हा चित्राकडे वळतो. पडद्याची कड किती धारदार आहे, उजेड कुठपर्यंत पोहोचला आहे, मागच्या रांगेतल्या खुर्च्या का बुडाल्या आहेत, हे तो शोधू लागतो. ‘हे चित्र म्हणजे शून्याचं दर्शन’ असं वाचलेला माणूस मात्र मान डोलावतो आणि पुढच्या चित्राकडे जातो. त्याला पाहण्यासारखं काही दिलेलंच नसतं.

झेनची झूल आली कुठून, तेही पाहायला हवं. सुगिमोतो १९४८ साली टोकियोत जन्मले. रिक्क्यो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. विद्यार्थी चळवळींचा तो काळ होता आणि त्या पिढीच्या वाचनात मार्क्स होता. १९७० मध्ये ते अमेरिकेला गेले, लॉस एंजेलिसला छायाचित्रण शिकले, १९७४ मध्ये न्यूयॉर्कला आले. पौर्वात्य तत्त्वज्ञानाकडे आपण नीट वळलो ते कॅलिफोर्नियात गेल्यावर, असं त्यांनी स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलेलं आहे. आसपासच्या अमेरिकी तरुणांनाच त्याचं वेड होतं. हा जपानहून आला म्हणजे याला ठाऊक असणार, असं ते धरून चालत. न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड जड, डॅन फ्लॅविन, कार्ल आंद्रे यांची मिनिमल, म्हणजे कमीत कमी आकारांत भागवणारी, कला तेव्हा चर्चेत होती: लोखंडाचे पत्रे, ट्यूबलाइटी, जमिनीवर मांडलेल्या विटा. सुगिमोतो शिकले ते या शेजारात. पोटासाठी त्यांनी काही वर्षं जपानी पुराणवस्तूंचा व्यापार केला. जुन्या मूर्ती, चित्रं, भांडी रोज हाताळायची, खरं-खोटं पारखायचं, हे त्या धंद्याचं शिक्षण. त्यांच्या छायाचित्रांतला काटेकोरपणा समजून घ्यायचा असेल तर मला तरी कुठल्याही मठापेक्षा हे दुकान जास्त उपयोगाचं वाटतं.

त्यांच्या कामाचा बौद्ध परंपरेशी संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. क्योतोच्या सांजुसांगेन-दो मंदिरात कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १,००१ मूर्ती आहेत. मधली एक मोठी बसलेली आणि तिच्या दोन्ही अंगांना रांगांनी उभ्या हजार. सुगिमोतोंनी १९९५ मध्ये या मूर्तींच्या छायाचित्रांची मालिका केली. पण तीसुद्धा कशी झाली ते पाहा. परवानगीसाठी सात वर्षं थांबावं लागलं. नंतरच्या शतकांत मंदिरात आलेली सजावट बाजूला केली, विजेचे दिवे बंद केले आणि पहाटेचं ऊन पूर्वेकडून आत शिरतं तेवढ्या वेळातच छायाचित्रं घेतली. त्या मूर्ती बसवल्या गेल्या त्या काळी सोन्याच्या मुलाम्यावर सकाळचं ऊन कसं चमकत असेल, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचं उत्तर शोधण्याची रीत प्रयोगाची आहे. श्रद्धा असेलही; ती त्यांची खाजगी बाब.

समुद्राकडे परत येऊ. आदिम माणसाने जे पाहिलं असेल तेच दृश्य आजच्या माणसाला पाहता येईल का, या प्रश्नातून ही मालिका सुरू झाली. डोंगर बदलतात, जंगलं तुटतात, जमिनीवर माणसाची खूण नाही अशी जागा मिळणं कठीण. पाणी आणि हवा मात्र तशीच. म्हणून उंच कड्यावर जायचं, किनारा चौकटीत येणार नाही अशी जागा धरायची आणि क्षितिज बरोबर मध्यावर आणायचं. पहिलं छायाचित्र जमैकाच्या कॅरिबियन समुद्राचं. मग इंग्लिश खाडी, लिगुरियन समुद्र, एजियन, काळा समुद्र, बाल्टिक, जपानचा समुद्र. प्रत्येकाच्या नावात समुद्र आणि गाव नोंदवलेलं असतं. नियम एकच, चौकट एकच, आणि तरी दोन चित्रं एकसारखी येत नाहीत. एकात लाटांची बारीक वीण कडेपर्यंत मोजता येते, दुसऱ्यात धुक्याने क्षितिज पुसून टाकलेलं असतं, तिसऱ्यात रात्रीच्या काळ्यावर काळं. एका गोष्टीखेरीज बाकी सगळं स्थिर ठेवायचं आणि मग ती गोष्ट काय करते ते पाहायचं, ही प्रयोगशाळेची पद्धत. इथे बदलतं ते हवामान.

हे जमवण्यामागची सामग्रीही सांगायला हवी, कारण पाट्यांवर ती ‘जिलेटिन सिल्व्हर प्रिंट’ एवढ्या तीन शब्दांत उरकली जाते आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. सुगिमोतो आठ इंच बाय दहा इंचांच्या सुट्या फिल्मवर काम करतात. एकेक पान कॅमेऱ्यात सरकवायचं, डोक्यावर काळं कापड घेऊन काचेवर उलटी प्रतिमा पाहायची. आपल्या घरच्या जुन्या ३५ मिलिमीटरच्या रिळातल्या एका चौकटीच्या सुमारे ६० पट ही फिल्म मोठी. म्हणून लाटेवरची लाट दिसते. आणि कागदावरचा काळा रंग हा रंग नसतोच. उजेड पडलेल्या चांदीच्या क्षारांची रसायनात धातुरूप चांदी होते. तिचे सूक्ष्म कण म्हणजे तो काळा. किती दाट, किती विरळ, यावर शेकडो करडे अवलंबून असतात. समुद्रचित्राचा जो भाग लांबून सपाट करडा वाटतो, तो डार्करूममध्ये किंचित कमी-जास्त झाला तर पाणी मेलेलं दिसतं. ‘रिकाम्या’ चित्रात चूक लपवायला जागा नसते. गर्दीच्या चित्रात एखादा कोपरा फसला तरी खपून जातो.

जपानी कला संघाचा प्रेमियम इम्पेरियाले हा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुगिमोतोंना २००९ मध्ये मिळाला, तो चित्रकला या विभागात. त्या पुरस्कारात छायाचित्रणाचा वेगळा विभाग नाही, हे त्याचं व्यावहारिक कारण. पण निवड मला योग्य वाटते. २०१२ मध्ये लंडनच्या पेस गॅलरीने अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोंच्या अखेरच्या काळातल्या काळ्या-करड्या चित्रांशेजारी सुगिमोतोंचे समुद्र लावले होते. रॉथकोंच्या कॅनव्हासवरही वर एक पट्टा, खाली एक पट्टा, मध्ये रेघ. एकाने ते रंगाने केलं, दुसऱ्याने जगात तसं सापडेपर्यंत वाट पाहिली. दोन्ही कामं शेजारी ठेवली की चित्र आणि छायाचित्र यांच्यातला फरक नक्की कुठे आहे, हा प्रश्न खराखुरा उभा राहतो. तोही ध्यानाच्या भाषेत विरघळून जातो, कारण शांततेला माध्यम नसतं आणि चित्राला असतंच असतं.

पुढे तर त्यांनी रंगच हाती घेतला. न्यूटनने १७०४ मध्ये प्रकाशावरचा ग्रंथ छापला. लोलकातून पांढऱ्या उजेडाचे रंग सुटे होतात हा त्याचा प्रयोग शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. सुगिमोतोंनी टोकियोतल्या आपल्या स्टुडिओत हिवाळ्याच्या सकाळी मोठ्या लोलकातून ऊन फोडलं, आरशाने भिंतीवर घेतलं आणि त्या रंगपट्ट्याचे तुकडे पोलरॉइडवर, म्हणजे जागच्या जागी चित्र देणाऱ्या फिल्मवर, टिपले. त्या फिल्मचं उत्पादन तेव्हा थांबलं होतं. उरलेल्या साठ्यावर काम करायचं होतं. मग ते लहानगे तुकडे मोठे करून छापले. निळ्यातून जांभळ्यात, लालातून काळ्यात जाणारे ते चौरस लांबून हुबेहूब रंगचित्र वाटतात, पण त्यांत रंगाचा एक थेंब नाही. २०२० मध्ये क्योतोच्या नव्याने उघडलेल्या महापालिका कला संग्रहालयात ही मालिका लागली. इथेही समजावून सांगितल्याशिवाय प्रेक्षकाला काय हाती लागणार? एक निळा चौरस. समजल्यावर तोच चौरस म्हणजे एका थंड सकाळी सूर्यापासून खोलीत आलेला उजेडाचा एक तुकडा, आणि त्याचं नाव ‘निळा’ की ‘जांभळा’ हे ठरवण्याची आपल्याला पडलेली अडचण.

चित्रकारांतलंही एक उदाहरण देतो. ओन कावारा हे जपानमध्ये जन्मलेले, पुढे न्यूयॉर्कमध्ये राहिलेले चित्रकार. ४ जानेवारी १९६६ पासून २०१४ मध्ये निधन होईपर्यंत ते एकाच प्रकारची चित्रं करत राहिले: एकरंगी पृष्ठभागावर पांढऱ्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख. हे तर कुणीही करील, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्यांचे नियम माहीत हवेत. पृष्ठभागावर रंगाचे थरावर थर द्यायचे. अक्षरं साचा न वापरता हाताने रेखायची. ज्या देशात असू तिथल्या रीतीने तारीख लिहायची. आणि चित्र त्याच दिवशी मध्यरात्रीच्या आत पुरं व्हायला हवं. झालं नाही तर नष्ट करायचं. हे कळलं की ती तारीख म्हणजे त्या दिवशी एक माणूस जिवंत होता आणि दिवसभर काम करत होता याचा पुरावा होते. नियम ठाऊक नसेल तर ते कॅलेंडरचं पान आहे, आणि तसं म्हणणाऱ्या प्रेक्षकाची त्यात काही चूक नाही.

हा विषय आपल्यालाही अगदी जवळचा आहे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या बाबतीत आपण हेच केलं. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, जे. जे.त शिकलेले गायतोंडे आज जगभर ओळखले जातात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. मराठी वाचकापर्यंत मात्र त्यांच्याबद्दल मुख्यतः दोनच गोष्टी पोहोचतात. एक म्हणजे ते ऋषितुल्य, अबोल, झेनकडे ओढा असलेले होते. दुसरी म्हणजे लिलावातली किंमत. २०१५ मध्ये २९ कोटींच्या वर, २०२१ मध्ये जवळपास ४० कोटी. किंमत हेही उत्तर नव्हे. ‘यात आहे काय?’ असं विचारणाऱ्याला ‘४० कोटी आहेत’ असं सांगणं म्हणजे त्याला आणखी दूर लोटणं. त्याचा संशय पक्का होतो की हा सगळा श्रीमंतांचा खेळ आहे.

गायतोंडेंना झेनचं आकर्षण होतं हे खरंच, आणि मौनाबद्दल ते स्वतः बोलले आहेत. पण कॅनव्हासवर जे झालं ते मौनाने झालेलं नाही. रोलरने रंगाचे थर द्यायचे, पॅलेट नाइफने ते खरवडायचे, फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून आकार उमटवायचे किंवा रंग उचलून घ्यायचा, सुकू द्यायचं, पुन्हा थर. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी होत. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता आणि समोर समुद्र. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. त्यांची अमूर्त वाट तोवर सुरू झालेली होती, हे मान्य करूनही एक गोष्ट नजरेत भरते: सुगिमोतो आणि गायतोंडे या दोघांच्याही ‘पौर्वात्य शांतते’चा रस्ता न्यूयॉर्कवरून जातो. दोघांनाही नुसत्या पूर्वेच्या खात्यात टाकलं की त्यांनी पश्चिमेकडून काय घेतलं, काय नाकारलं, काय उलटवून टाकलं, हा सगळा विचार गळून पडतो. कलावंत विचार करत होता, हेच मुळात विसरलं जातं.

त्याच भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार नसरीन मोहम्मदी काम करत होत्या. गायतोंडे त्यांना गुरुस्थानी होते. पुढे त्या बडोद्याला शिकवू लागल्या. कागदावर शाई आणि रेखाटनाची उपकरणं घेऊन ओढलेल्या त्यांच्या रेषा आज जगप्रसिद्ध आहेत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयाच्या उद्घाटनाला त्यांचं प्रदर्शन होतं. त्या छायाचित्रंही काढत: मागावरचे ताणे, रस्त्यावरचे पट्टे, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी. जपानलाही त्या जाऊन आल्या होत्या. ती छायाचित्रं त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडली नाहीत. पण मागावरच्या ताण्याचं छायाचित्र पाहिलं की कागदावरच्या रेषा कुठून आल्या याचा धागा हाती लागतो. तो एक धागा दाखवला असता तर किती लोकांना त्या रेषा परक्या वाटल्या नसत्या!

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मी गांभीर्याने घेतो. चित्राने स्वतःच बोलावं, पाटी वाचून पाहणाऱ्याची नजर बांधली जाते, गूढ निघून जातं. यात थोडं तथ्य आहे. भिंतीवर पानभर मजकूर लावला की लोक चित्र सोडून मजकूरच वाचत बसतात. पण आजच्या पाट्या काही कोऱ्या नसतात. त्यांवर मजकूर असतोच, आणि तोच प्रेक्षकाला सांगतो की तुला इथे काहीतरी उदात्त वाटायला हवं. नजर बांधली जाते ती अशा मजकुराने. वस्तुस्थिती सांगितल्याने नजर मोकळी होते, कारण काय वाटायचं ते प्रेक्षकावर सोडलेलं असतं. चित्रपटगृहाच्या छायाचित्राखाली मी एवढंच लिहीन: ‘हे छायाचित्र चित्रपट चालू असताना घेतलं आहे. चित्रपट सुरू झाला तेव्हा शटर उघडलं, संपला तेव्हा बंद केलं. पडद्यावरचा पांढरा उजेड म्हणजे तो अख्खा चित्रपट. बाकी सभागृह त्याच उजेडात दिसतं आहे.’ यात गूढ कुठे कमी झालं?

गंमत अशी की पाहण्याची सोय म्हणजे काय, हे स्वतः सुगिमोतोंना फार चांगलं कळतं. आतामी गावच्या एमओए कला संग्रहालयाची दालनं त्यांनी आणि वास्तुविशारद तोमोयुकी साकाकिदा यांनी नव्याने रचली. ती २०१७च्या फेब्रुवारीत उघडली. जुनी चित्रं, जुनी भांडी पाहताना काचेत आपलाच चेहरा दिसतो, हा सगळ्यांचा अनुभव. तिथे प्रतिबिंब न पडणारी काच बसवली आणि समोर काळ्या गिलाव्याची भिंत उभी केली, म्हणजे काचेत उमटायला काही राहतच नाही. उजेड मंद आणि नेमका. प्रेक्षकाचा असा विचार करणं, यालाच मी त्याचा आदर मानतो. मात्र ओदावाराजवळ एनोउराला त्यांनी उभारलेल्या वेधशाळेबद्दल मला तितकं निःशंक बोलता येत नाही. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे तोंड केलेलं १०० मीटरचं दालन, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसासाठी ७० मीटरचा बोगदा, कल्पना भव्य आहे. पण आगाऊ नोंदणी करून मोजक्यांनीच जायचं, अशी ती जागा आहे. संयमाची कला दुर्मीळतेची मिजास करू लागली की मला अस्वस्थ वाटतं. म्हणूनच शहरातल्या, बसने जाता येईल अशा सार्वजनिक संग्रहालयांवर माझा जोर आहे.

तिथे काय करता येईल, हे अवघड नाही. अशा चित्रांपुढे बसायला बाक हवं, कारण उभ्याने कुणी पाच मिनिटं पाहत नाही. एका भिंतीवर कमी चित्रं हवीत. पाटीवर चित्र कसं झालं ते चार वाक्यांत हवं, आणि आपल्याकडे ते मराठीत हवं, इंग्रजीचं ओढूनताणून केलेलं भाषांतर नको. लिहिणार कोण, असं विचारतात. कला महाविद्यालयांत छपाईचं, फिल्मचं, रंगाच्या थरांचं शिक्षण घेणारी मुलं आहेत. रोलरने रंग उचलताना काय होतं हे त्यांना हाताने ठाऊक आहे. त्यांना लिहायला लावा. त्यांच्या शिक्षणालाही त्याचा फायदा होईल, कारण आपण काय केलं ते साध्या शब्दांत सांगता न येणारे पदवीधर आपण पुष्कळ तयार केले आहेत.

राहता राहिला मुद्दा गूढ जाण्याचा. मी तर म्हणतो की समजावून सांगणं ही चित्राची परीक्षाच आहे. सुगिमोतोंची १९९९ची मालिका आहे, मादाम तुसाँ संग्रहालयातल्या मेणाच्या पुतळ्यांची. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि त्याच्या राण्या काळ्या पार्श्वभूमीवर, जुन्या दरबारी चित्रकाराच्या उजेडात अशा टिपल्या आहेत की क्षणभर जिवंत माणूस कॅमेऱ्यापुढे बसला होता असं वाटतं. पुतळे आहेत हे कळलं की चकित व्हायला होतं, आणि माझ्यापुरतं ते काम तिथेच संपतं. युक्ती कळली, आता पाहायला काही उरलं नाही. चित्रपटगृहांचं तसं होत नाही. सगळं ठाऊक असूनही त्या पांढऱ्या पडद्याच्या कडेवरून नजर हलत नाही. माझं हे मत कुणी खोडून काढावं, पुतळ्यांच्या बाजूने भांडावं, मला आवडेल. पण असं भांडता यावं म्हणून समोरच्या माणसाला चित्र कसं झालं ते आधी कळलेलं असायला हवं. ‘मला नाही पटलं’ म्हणणारा प्रेक्षक मग अडाणी राहत नाही. त्याच्याशी वाद घालावा लागतो.